ओढ्यापलीकडची मार्गेड

आमच्या नागपूरच्या घरात पुढच्या खोलीत बावीस प्रतिज्ञा फ्रेम करून लावल्या आहेत. अंगात येणं, दृष्ट काढणं, पितरांना घास ठेवणं, यातलं काही मी घरात कधी पाहिलं नाही. शाळेत मैत्रिणी भुतांच्या गोष्टी सांगायला लागल्या की मी "कोणी पाहिलं? नाव सांग" असं विचारून सगळ्यांचा मूड घालवायचे. आणि आई माझ्याहून कडक. ती अंगणवाडी सेविका होती... तापाने फणफणलेल्या पोराच्या गळ्यातला ताईत बाजूला करून त्याला दवाखान्यात न्यायला लावणारी बाई. हे आधीच सांगते, कारण पुढे लिहिलेलं बरंचसं आईबद्दलच आहे. ती खोटं बोलली असेल असं वाटलं तर वाटू द्या. मलाही दोन दिवस तसंच वाटत होतं.

मी पेनसिल्व्हेनियात स्टेट कॉलेज नावाच्या शहरात पीएचडी करते. पॉलिमरची लॅब. राहते मिसेस प्राइस यांच्या घरी, वरच्या मजल्यावर. मिसेस प्राइस ऐंशीच्या पुढच्या, शाळेतून रिटायर झालेल्या, खाली एकट्याच राहतात. घरात शिरलं की उजवीकडे डायनिंग रूम. पण तिथे कोणी जेवत नाही, कारण टेबलावर एक अख्खं गाव पसरलेलं असतं.

गाव म्हणजे वेल्समधलं एक पॅरिश. एका चर्चच्या भोवतीच्या विखुरलेल्या वस्त्या, पन्नास-साठ घरं, मेंढ्या आणि एक ओढा. नाव दोन 'एल'नी सुरू होतं आणि मला ते आजही नीट म्हणता येत नाही, म्हणून इथे लिहीत नाही. मिसेस प्राइस यांचे आजोबा तिथून इकडे खाणीत कामाला आले. लहानपणी आपण ज्या पाटीवर अक्षरं गिरवतो, त्या पाटीचा दगड काढायची खाण. स्वतः मिसेस प्राइस त्या गावी कधीच गेलेल्या नाहीत. पण गेली कित्येक वर्षं त्या त्या गावाचा इतिहास लिहितायत. चर्चच्या रजिस्टरच्या झेरॉक्स, कोणी कोणाशी लग्न केलं, कोण कुठल्या घरात मेलं, शेतांची नावं... वीकेंडला मी त्यांना स्कॅनिंग आणि टायपिंगला मदत करायचे. खरं सांगायचं तर मला ते सगळं बोअर व्हायचं. पण त्या इतक्या प्रेमाने सांगायच्या की उठवत नसे.

मागच्या उन्हाळ्यात आई आली. बाबा गेल्यापासून ती घरी एकटीच असते, म्हणून मीच हट्ट करून तिकीट काढलं. माझी रूममेट इंटर्नशिपला गेली होती, तिची खोली आईला मिळाली. आता स्टेट कॉलेजमध्ये आईने दिवसभर करायचं काय? मी सकाळी कॅम्पस बसने लॅबला जाणार ती संध्याकाळी उगवणार. टीव्हीवरचं कळत नाही. आईचं इंग्रजी म्हणजे थँक यू, ओके, वॉटर आणि का कोण जाणे, 'नो प्रॉब्लेम'.

पण चारच दिवसांत तिचं आणि मिसेस प्राइस यांचं जमलं. दुपारी जेवणं झाली की दोघी मागच्या काचेच्या खोलीत बसायच्या. तिथे दोन वेताच्या खुर्च्या आहेत, ऊन छान येतं. आई सांबार निवडायची (आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात), नाहीतर काहीतरी विणायची. मिसेस प्राइस कागद चाळता चाळता खुर्चीतच डुलकी काढायच्या. मला बरं वाटलं. चला, सोबत झाली.

एकदा संध्याकाळी पोळ्या लाटताना आई म्हणाली, "आज बाई त्यांच्या गावचं सांगत होत्या."

"तुला काय कळलं?" मी हसले.

"काऊन हसून राहिली? चर्च टेकाडावर आहे. दारात एक मोठं काळपट हिरवं झाड आहे, दोन माणसांच्या कवेत मावणार नाही एवढं. खाली ओढा."

मी मान हलवली. डायनिंग रूममध्ये चर्चचा फोटो आहे, झाडासकट. बोट दाखवून सांगितलं असेल. दुसऱ्या दिवशी आईने पाद्र्याच्या घराचं सांगितलं, तिसऱ्या दिवशी कुठल्या तरी तापाच्या साथीचं. तेव्हाही मी फार लक्ष दिलं नाही. थिसिसचं एक चॅप्टर अडकलं होतं, माझं डोकं तिकडे.

मग एका शुक्रवारी आई म्हणाली, "बाईंना सांग, पुस्तकात त्या मार्गेडचं नाव घाला म्हणावं."

"कोण मार्गेड?"

"ओढ्यापलीकडे राहायची ती. पाद्र्याच्या घरी पाणी भरायची. ताप तिच्या घरातून आला म्हणून तिला आत घेईनात. ती मेली तर चर्चच्या भिंतीच्या आत पुरू नाही दिलं, बाहेर ओढ्याच्या अंगाला पुरलं. तिघी बायका गेल्या आणि एकेक पांढरा दगड ठेवून आल्या. आहेत अजून."

आई हे सगळं कांदा चिरता चिरता सांगत होती. शेजारच्या काकूंची बातमी सांगावी तसं.

मी खाली जाऊन मिसेस प्राइसना विचारलं, मार्गेड कोण? त्या चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "मार्गेड म्हणजे आमच्याकडची मार्गारेट. हे नाव तुला कुठे मिळालं, डिअर?"

"आई म्हणते तुम्ही सांगितलंत."

"मी?" त्या हसल्या. "सुमनला? आम्ही तर गप्पच बसतो. ती काहीतरी गुणगुणते आणि मला झोप लागते. फार छान झोप लागते मला तिच्याशेजारी." मग त्यांनी रजिस्टरच्या झेरॉक्स काढून दफनांची अख्खी यादी माझ्यासमोर तपासली. तीन मार्गेड होत्या. तिघीही नवऱ्याच्या नावाखाली, भिंतीच्या आत, दगडावर नाव कोरलेल्या. ओढ्यापलीकडची कोणी नाही.

वर येऊन आईला विचारलं, "नक्की कोणी सांगितलं?"

"बाईंनीच नं."

"कसं सांगितलं? हातवारे करून?"

"हातवारे कशाला? बोलून." आईने माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच वेड्यासारखं विचारतेय. "मराठीतच तर बोलतात त्या. तू असली की इंग्रजी काऊन बोलतात, ते त्यांनाच माहीत."

मी खुर्चीवर बसले.

"आई, मिसेस प्राइसना मराठी येत नाही."

"येते नं. चांगली येते. माझ्या आजीसारखी, जुन्या वळणाची. फक्त डोळे मिटून बोलतात."

त्या रात्री मला पहिल्यांदा आईची काळजी वाटली. वय, एकटेपणा, नवा देश. मी गुपचूप डिमेन्शियाची लक्षणं वाचली. आणि दुसरं एक मनात आलं, ते जास्त लागलं. आईच्या आजीच्या गावात आमच्या लोकांना विहिरीवर चढू द्यायचे नाहीत. वरून कोणीतरी पाणी ओतणार, ते खाली उभं राहून घ्यायचं. ही गोष्ट मी आईकडून शंभरदा ऐकली आहे. म्हणजे आई तीच गोष्ट या गावावर चिकटवतेय का? मी दुसऱ्या दिवशी तिला तसं म्हणूनही दाखवलं. म्हणायला नको होतं.

आईने हातातलं विणकाम बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "माझ्या आजीची गोष्ट कोणती आणि दुसऱ्या बाईची कोणती, एवढं मला कळत नाही का?"

आता करायचं काय? मी विचार केला, मोजून बघू. सोमवारी लॅबमधून बाराच्या बसने परत आले. आईला सांगितलं होतं, मिसेस प्राइसनाही सांगितलं — तुम्ही झोपेत बोलता का ते बघायचंय, फोनवर रेकॉर्ड करू का? त्यांना मजाच वाटली. मी फोन दोन खुर्च्यांमधल्या स्टुलावर ठेवला आणि स्वतः किचनमध्ये बसले. मधे फक्त उघडं दार. भर दुपार, बाहेर कोणीतरी लॉन कापतंय, ओव्हनच्या घड्याळात दोन वाजून गेलेले.

मिसेस प्राइसना झोप लागली. थोड्या वेळाने त्या पुटपुटायला लागल्या. झोपेतलं असतं तसंच... अर्धं घशात, अर्धं श्वासात. मी कान देऊन ऐकत होते. मराठी नव्हतं. इंग्रजीही नव्हतं. आई मात्र "हं... हं..." करत होती. मधेच तिने विचारलं, "मग पाणी कुठं ओतायची?"

आणि मला उत्तर कळलं.

हे कसं लिहू ते मला अजून समजत नाही. शब्द ऐकू आले असं मी म्हणणार नाही. पुटपुटणं तसंच होतं, त्यात काही फरक नाही. पण पुटपुटणं संपलं तेव्हा माझ्याकडे एक अख्खं वाक्य होतं — बादली फाटकाशीच ठेवायला लावायचे, आतली बाई येऊन आपल्या भांड्यात ओतून घ्यायची. कोणी आपल्याला काही सांगितलं की शब्द विसरतात पण म्हणणं राहतं ना, तसं. ते मराठीत होतं का? माहीत नाही. मला ते आता मराठीत आठवतं, एवढंच.

त्याच क्षणी आई म्हणाली, "फाटकाशी? म्हणजे उंबऱ्यापर्यंतही नाही?"

मी उठून दारापर्यंत गेले, तर मिसेस प्राइस यांचे डोळे मिटलेलेच होते.

रेकॉर्डिंग मी पन्नासेक वेळा ऐकलं असेल. त्यात लॉनमोअर आहे, मिसेस प्राइस यांचं घोरणं आहे, आईचे हुंकार आणि आईचे प्रश्न आहेत. प्रश्न अगदी स्वच्छ. उत्तरांच्या जागी नुसता म्हातारीचा श्वास. पुटपुटणंसुद्धा नाही. मी स्वतः ऐकलेलं पुटपुटणंही त्यात नाही!

मिसेस प्राइसना जाग आल्यावर आम्ही तिघींनी ते ऐकलं. आधी त्या आपल्या घोरण्याला खूप हसल्या. मग मी आईचे प्रश्न एकेक इंग्रजीत सांगत गेले आणि त्यांचं हसणं थांबलं. शेवटी मी मार्गेडचं सगळं सांगितलं. पाणी, ताप, भिंत, दगड.

"नाही," त्या म्हणाल्या. "आमच्या पॅरिशमध्ये असं झालेलं नाही."

मला तेव्हा त्यांचा राग कळला नव्हता. नंतर कळला. त्यांच्या पुस्तकाच्या पहिल्याच पानावर त्यांच्या आजीचं वाक्य आहे — या पॅरिशने कोणाला माती नाकारली नाही. आणि कबरी खणायचं काम, चर्चच्या चाव्या, हे सगळं त्यांच्या पणजोबांकडे होतं. मार्गेडला आत घेतलं नसेल, तर ते फाटक लावणारा हात त्यांच्याच घरातला.

त्यानंतर दोन आठवडे काचेच्या खोलीचं दार बंद. जिन्यात भेटल्या तर "गुड मॉर्निंग" आणि पुढे काही नाही. मला तर घर सोडावं लागतंय की काय अशी भीती. आईने एका दुपारी भरीत करून वाडग्यात घातलं, खाली नेलं, दारापाशी ठेवलं आणि परत आली.

"आई, त्यांना वाईट वाटलंय. आपण सॉरी म्हणूया," मी म्हटलं.

"कशाबद्दल? मी काही त्यांच्या पणजोबाला शिव्या दिल्या नाहीत. तिचं नाव लिहा म्हटलं. एक ओळ." मग म्हणाली, "बाई चांगल्या आहेत. लिहितील."

मिसेस प्राइसनी या दोन आठवड्यांत काय केलं, ते मला शेवटी कळलं. त्या गावात आज चर्चची देखरेख करणारे एक गृहस्थ आहेत, मिस्टर ह्यूज. पुस्तकासाठी दोघांच्या ईमेल चालू असतात. मिसेस प्राइसनी त्यांना लिहिलं, की भिंतीबाहेर, ओढ्याच्या बाजूला काहीही नाही, हे जरा बघून मला लेखी कळवा. म्हणजे आमचं म्हणणं खोडून काढायलाच!

शनिवारी सकाळी त्या स्वतः जिना चढून वर आल्या. त्या वर कधीच येत नाहीत, गुडघे दुखतात. हातात टॅब्लेट. धापा टाकत आईच्या पलंगावर बसल्या आणि फोटो दाखवला. मिस्टर ह्यूजनी दोन माणसं लावून काटेरी झुडपं काढली होती. भिंतीच्या बाहेर, उतारावर, हाताच्या मुठीहून थोडे मोठे तीन पांढरेशुभ्र दगड. एका ओळीत. आजूबाजूचा सगळा दगड करडा.

ईमेलमध्ये खाली त्यांनी लिहिलं होतं, की खाली कोणी पुरलेलं आहे की नाही हे सांगता येत नाही, कसलीही नोंद नाही. पण जुन्या नकाशात ओढ्यापलीकडच्या एका लहानशा तुकड्याचं नाव 'मार्गेडचं शेत' असं आहे. कोणती मार्गेड, ते गावात कोणालाच माहीत नाही.

मी धावत खाली गेले. आईने तो नकाशा टेबलावर बघितला असेल, इंग्रजी अक्षरं ती लावून लावून वाचते. नकाशा होता. पण झेरॉक्स काढताना खालची बाजू कापली गेलेली. कागद ओढ्यावरच संपतो. पलीकडचं काही नाहीच.

वर आले तर आई आणि मिसेस प्राइस पलंगावर शेजारी शेजारी बसलेल्या. मिसेस प्राइस रडत होत्या. आईने त्यांचा हात आपल्या मांडीवर घेतला होता आणि ती मराठीत म्हणत होती, "तुम्ही नाही केलं बाई ते. तुम्ही कुठं होत्या तेव्हा?"

"ती काय म्हणते?" त्यांनी मला विचारलं.

जाग्या असताना त्यांना मराठीतला एकही शब्द कळत नव्हता.

मी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि म्हणाल्या, "तिला विचार, मी अजून काय काय सांगितलं."

आईने सांगितलं, आता काही उरलं नाही. त्या सोमवारीच बाईंचं सगळं सांगून झालं.

मी खूप डोकं चालवलं आहे. मिसेस प्राइसनी लहानपणी आजीकडून हे ऐकलं असेल, विसरल्या असतील, झोपेत बाहेर आलं असेल — मान्य. हे मला सगळ्यात पटतं. पण मग आईला ते कसं कळलं? माझ्या लॅबमधला एक मित्र म्हणाला, "यार, तुझ्या आईने तुक्का मारला, आणि तू किचनमध्ये बसून तिच्या प्रश्नांवरून उत्तर बनवलंस." असेल. पण 'मार्गेड' हा तुक्का कसा लागेल? आणि आईने फाटकाबद्दल विचारलं ते मला उत्तर कळल्यानंतर. आधी नाही. हे मी रेकॉर्डिंगशी ताडून बघायला गेले, तर रेकॉर्डिंगमध्ये त्या दोन प्रश्नांच्या मधे फक्त श्वास. आईला हे सगळं सांगितलं की ती वैतागते. तिच्या मते यात अमानवीय काहीच नाही. एक बाई बोलली, तिने ऐकलं. "तुम्ही शिकलेले लोक उगाच घोळ घालता," म्हणते.

आई ऑगस्टमध्ये परत गेली. मिसेस प्राइस एअरपोर्टपर्यंत आल्या होत्या. आता व्हिडिओ कॉलवर दोघी भेटतात तेव्हा मी मधे बसून भाषांतर करते. आई एकदा मला म्हणालीही, "त्यांना सांग नं, सरळ बोला म्हणावं." काय सांगू?

पुस्तक हिवाळ्यात छापून झालं. पहिल्या पानावरचं आजीचं वाक्य मिसेस प्राइसनी काढलं नाही. पण त्याच पानावर खाली लिहिलं, की मार्गेड नावाची एक स्त्री, जी पाद्र्याच्या घरी पाणी भरत असे, ती भिंतीबाहेर ओढ्याकडे पुरली आहे. आता अडचण अशी, की त्या बाई काटेकोर. पुस्तकातल्या प्रत्येक वाक्याला तळटीप आहे, ही माहिती कुठून मिळाली त्याची. या वाक्याला काय द्यायचं? आम्ही एक अख्खी दुपार त्यावर बसलो. रजिस्टर? नाही. नकाशा? त्यात फक्त शेताचं नाव. मी म्हटलं, मौखिक परंपरा लिहा. त्या म्हणाल्या, "कोणाच्या मुखातली, डिअर?" स्वतःच्या, असं त्यांना लिहिता येईना, कारण त्यांनी काही सांगितल्याचं त्यांना आठवत नाही. शेवटी त्यांनी त्यांना जे खरं वाटलं तेच लिहिलं. तळटिपेत फक्त एवढंच आहे — सुमनबाई, नागपूर, यांच्याकडून.

मागच्या आठवड्यात मिस्टर ह्यूज यांची ईमेल आली. पुस्तक पोचलं, गावात सगळ्यांना आवडलं, दगडांपाशी आता एक छोटी पाटी लावणार आहेत. फक्त एक शंका आहे. नागपूरच्या सुमनबाईंचं घराणं आमच्या पॅरिशमधलं नेमकं कुठलं, हे कृपया कळवावं, म्हणजे रजिस्टरमध्ये शोधता येईल.

मिसेस प्राइसनी ती ईमेल मला फॉरवर्ड केली आहे. "याचं उत्तर तू लिही." तीन वेळा लिहायला बसले. तिन्ही वेळा 'डिअर मिस्टर ह्यूज'च्या पुढे गेले नाही.